फाईल समोर दिसते, तरी टार म्हणतो ‘नाही’

वाचकांचे प्रश्न, संगणकाची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. यंदा आजवरच्या सगळ्या संमेलनांची मिळून एक स्मरणिका काढायचं ठरलंय. जुने फोटो, स्कॅन केलेल्या पत्रिका, भाषणं असं सगळं वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर आहे. त्यात उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, घातलेलं आहे. हजारो फाईलींतून तीनेकशे निवडून पुण्याच्या छापखान्याला पाठवायच्या आहेत. आमच्या चिटणिसांनी निवडक नावांची यादी घरी विंडोजवर, नोटपॅडमध्ये केली आणि पेनड्राइव्हवर आणून दिली. ती यादी टारला, म्हणजे अनेक फाईलींचा एक गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्रॅमला, दिली तर तो एकेका नावावर ‘अशी फाईल नाही’ म्हणतो. फाईल तर डोळ्यासमोर आहे की! गावातल्या एका मुलानं एक्सार्ग्स वापरून बघितलं, तर तुटक्या नावांच्या तक्रारींनी पडदा भरला. पडद्याचा फोटो सोबत जोडलाय. – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : फोटो पाठवलात हे झ्याक केलंत, कारण दुखणं त्या फोटोतच दिसतंय. कुठलीही ओळ घ्या. ‘उद्घाटन.जेपीजी’ एवढं नाव संपल्यावर लगेच एक उलटी तिरकी रेघ आणि तिला चिकटून इंग्रजी आर आहे बघा. हा आर तुमच्या चिटणिसांनी लिहिलेला नाही. नोटपॅडमध्ये एंटर मारला की ओळीच्या शेवटी दोन खुणा बसतात, एक कॅरेज रिटर्नची आणि दुसरी लाइन फीडची. लिनक्सला ओळ संपवायला दुसरी एकटी पुरते, त्यामुळं पहिली त्याला फाईलीच्या नावातलंच एक अक्षर वाटते. तुमच्या फोल्डरमध्ये ‘उद्घाटन.जेपीजी’ आहे, टार शोधतोय शेपूटवाली ‘उद्घाटन.जेपीजी’. ती खरोखरच नाही, म्हणजे त्याचं काही चुकत नाही. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना कॅरेज आठवत असेल, ओळ संपली की दांडी धरून मागं ढकलायचं ते. यंत्रं भंगारात गेली, खूण तेवढी राहिली.

एक खुलासा आधीच करते. मासिक देवनागरीत छापतं, म्हणून आज्ञाही उच्चाराप्रमाणे दिल्यात. टाइप करताना त्या उच्चाराची इंग्रजी छोटी अक्षरं घ्या. मोठं अक्षर हवं तिथं मी ‘मोठा’ असं लिहीन.

शेपूट काढायला डॉसटूयुनिक्स नावाचा बारका प्रोग्रॅम आहे. डी-ओ-एस, मग २ हा आकडा, मग यू-एन-आय-एक्स, सगळं सलग. उबुंटूत तो आधीपासून नसतो, ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ करून घ्यावा लागतो. मग त्याचं नाव, एक मोकळी जागा, यादीचं नाव, एंटर. त्याच फाईलीतल्या सगळ्या ओळींची शेपटं जातात. जाता जाता तो आणखी एक काम करतो. जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची एक पद्धत) निवडून सेव्ह केलं की फाईलीच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाची न दिसणारी खूण बसायची. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड ती आपणहून घालत नाही, पण आपल्याकडं जुनी मशीनं कमी आहेत होय? ही खूण राहिली तर बाकी यादी सुरळीत जाते आणि फक्त पहिलंच नाव सापडत नाही. माणूस त्या एका फाईलीवर डोकं आपटत बसतो. डॉसटूयुनिक्स तीही काढतो.

आता टार. टार लिहा, जागा सोडून उणे आणि सी, झेड, एफ सलग, मग होणाऱ्या गठ्ठ्याचं नाव, ‘स्मरणिका.टार.जीझेड’ म्हणा, मग उणे आणि मोठा टी, शेवटी यादीचं नाव. सी म्हणजे नवा गठ्ठा कर, झेड म्हणजे जीझिपनं दाब, एफ म्हणजे पुढं येतं ते गठ्ठ्याचं नाव. इथं दोन खड्डे आहेत. एफच्या पाठोपाठ नावच यायला हवं. कुणी सी, एफ, झेड असा क्रम लावला तर टार ‘झेड’ याच नावाचा गठ्ठा करतो आणि तुम्ही स्मरणिका शोधत बसता. दुसरा खड्डा टीचा. मोठा टी यादी वाचतो, छोटा टी गठ्ठ्यात काय आहे ते दाखवतो. सीबरोबर छोटा टी दिला की दोन कामं एकदम सांगितली म्हणून टार काहीच करत नाही.

एवढं तुम्हाला आधी कळवलं होतं. त्यावर तुमचा निरोप आला की बाकी सगळं गेलं, मोजक्या फाईली मात्र अजून ‘नाहीत’. ती नावं मागवून घेतली. ‘शेतकऱ्यांचे कविसंमेलन’, ‘कऱ्हाडचे पाहुणे’, ‘ॲडव्होकेट सत्कार’, सगळी त्याच वळणाची. नावं वाचताक्षणी कारण कळलं, कारण डीटीपी करणाऱ्या माणसाला हा ऱ रोज छळतो.

पडद्यावर सारखा दिसणारा ‘ऱ्या’ कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. काही कळफलक नुक्तेवाला ऱ हे एकच अक्षर घालून पुढं हलन्त लावतात. काही साधा र, मग हलन्त आणि मग शून्य रुंदीचा एक जोडक घालतात, जो कधीच दिसत नाही. ‘ॲ’चंही तेच. युनिकोडनं, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीनं, त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत दिली. त्याआधीची सवय असलेली साधनं अ वर चंद्र ठेवून काम भागवतात. आपण दोन्ही ‘ॲ’च वाचतो, पण टार नजरेनं वाचत नाही, बाइट जुळवतो. तुमच्याकडं फोटोंना नावं कुणीतरी मोबाईलवर दिली असणार आणि यादी चिटणिसांनी दुसऱ्या कळफलकावर लिहिली. दोघांचंही शुद्धलेखन बरोबर, तरी नावं जुळत नाहीत. तेव्हा ही नावं परत टाइप करत बसू नका. फोल्डरमध्ये फाईलीवर जाऊन एफ२ दाबा, नाव कॉपी करा, एस्केप दाबून बाहेर या आणि यादीत जुन्याच्या जागी चिकटवा. काम झालं.

माझं म्हणणं एवढंच, की यादी हातानं लिहूच नये. ती मशीनकडनं काढून घ्यावी आणि आपण फक्त नको त्या ओळी खोडाव्यात. खोडताना कळफलक बदलत नाही, स्पेलिंग चुकत नाही, जेपीजीचं जेपीईजी होत नाही. फोल्डरमध्ये उभं राहून फाइंड लिहा, जागा, एक टिंब, जागा, उणे टाइप, जागा, एफ, मग ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि यादीचं नाव. आतल्या फोल्डरांसकट सगळ्या फाईली एकेका ओळीवर येतात. यादी मात्र त्याच फोल्डरमध्ये ठेवू नका, एक पायरी वर ठेवा. फाइंड सुरू व्हायच्या आधीच यादीची फाईल तयार झालेली असते, त्यामुळं तिचंही नाव यादीत येतं आणि पुण्याला स्मरणिकेबरोबर तुमची यादीही जाते. त्यानं बिघडत काही नाही, पण छापखान्याचा माणूस ‘हे कुठल्या पानावर घ्यायचं’ म्हणून फोन करतो.

चिटणिसांना उबुंटू नको असेल तर यादी काढून पेनड्राइव्हवर द्या, त्यांना घरी विंडोजवर खोडू दे. परत आली की न विसरता डॉसटूयुनिक्स.

त्या मुलाच्या एक्सार्ग्सबद्दल. पोरगं हुशार आहे, वाट वेगळ्या कामाची धरली. एक्सार्ग्स यादी वाचतो आणि नावं आज्ञेच्या पुढं ओळीनं लावून देतो. पहिली अडचण मोकळ्या जागेची. ‘१९४६ बेळगाव संमेलन.जेपीजी’ हे एक नाव त्याला तीन वाटतात, तुमच्या पडद्यावर तुटकी नावं आली ती त्यामुळं. (हा १९४६ च्या संमेलनाचा फोटो असेल तर ओळीत अध्यक्षांचं नाव घालायला विसरू नका. ग. त्र्यं. माडखोलकर होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच बेळगावात झाला.) दुसरी अडचण जास्त वाईट, कारण ती बोलून दाखवत नाही. एका आज्ञेत किती मजकूर मावतो याला मर्यादा आहे. यादी लांबली की एक्सार्ग्स तिचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी टार नव्यानं चालवतो. टारला तर ‘नवा गठ्ठा कर’ असंच सांगितलेलं असतं, म्हणून तो दरवेळी आधीचा गठ्ठा पुसून पुढचा करतो. हाती राहतो शेवटचा तुकडा. गठ्ठा उघडतो, फोटो दिसतात, सगळं ठीक वाटतं. तीनशे नावांना ही वेळ बहुधा यायची नाही, पण सवय लागू नये. उणे मोठा टी दिला की टार एका ओळीला एक नाव धरतो. मग नावात जागा असो की स्वल्पविराम, आणि यादी कितीही लांब असो.

खरं सांगायचं तर तुमच्या कामाला मी टार घेतलाच नसता. टार १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला, चुंबकीय फितीवर फाईली ओळीनं मांडायला. त्याला दाबणं माहीत नव्हतं, अजूनही ते काम तो जीझिपसारख्या दुसऱ्याकडनं करून घेतो. छापखान्यात विंडोज असणार आणि तिथला माणूस डबल क्लिक करून बघणार. त्याला झिप द्या. झिप, जागा, ‘स्मरणिका.झिप’, जागा, उणे आणि ॲट द रेटचं चिन्ह, मग ‘पेक्षा लहान’चं चिन्ह आणि यादी. ते ॲट द रेट म्हणजे ‘नावं मी आतून पुरवतोय, ओळीला एक’. शेपटाचा आणि ऱ चा नियम इथंही तोच.

छापखान्याचं निघालंच आहे तर माझ्या धंद्यातली एक गोष्ट. जुन्या स्मरणिकांच्या पेजमेकरच्या (पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या) फाईली असतील आणि मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडआधीच्या फॉन्टात असेल, तर तोच फॉन्ट नसलेल्या मशीनवर ‘अध्यक्षीय भाषण’ म्हणून नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. जिथं फाईल नीट दिसते तिथंच तिची पीडीएफ करा आणि तीही यादीत घाला.

आता तपासणी, हिला फाटा देऊ नका. यादीतली दहा नावं सापडली नाहीत तरी टार उरलेल्यांचा गठ्ठा करतोच. शेवटी ‘आधीच्या चुकांमुळे अपयशी’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ टाकतो, ती वर सरकून जाते. म्हणून गठ्ठ्यातली नावं मोजा. टार, उणे टी-झेड-एफ (इथं छोटा टी), गठ्ठ्याचं नाव, मग उभी रेघ, मग ओळी मोजणारी आज्ञा डब्ल्यूसी उणे एल. शेजारी यादीच्या ओळी त्याच डब्ल्यूसीनं मोजा. आकडे जुळले पाहिजेत. एकाचाच फरक येत असेल तर घाबरायच्या आधी यादीची शेवटची ओळ बघा. तिच्यापुढं एंटर मारलेला नसेल तर डब्ल्यूसी ती ओळ मोजत नाही. आणि यादीत एखाद्या फोल्डरचं नाव राहून गेलं असेल तर टार ते आतल्या सगळ्यासकट उचलतो, मग गठ्ठ्यातला आकडा फुगतो.

तुमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा सांगायला नको. गठ्ठा होत असताना लाईट गेली तर फाईल अर्धी राहते, पण नाव पूर्ण असतं. बाहेरून ओळखू येत नाही. जीझिप उणे टी आणि गठ्ठ्याचं नाव. अर्धा असेल तर फाईल मध्येच संपल्याचं सांगतो, नीट असेल तर काहीच बोलत नाही. झिपला हेच काम अनझिप उणे टी करतं.

प्रश्न : जवळजवळ एक जीबी फोटोंचं झिप केलं, तर ते जेमतेम काही एमबीनं कमी झालं. पण भावाच्या ऑफिसातल्या मजकुराच्या फाईली झिप केल्या की पाचवा हिस्सासुद्धा राहत नाही. माझ्या कॉम्प्युटरवरचा झिप बिघडलाय का? – एक वाचक, चिकोडी

उत्तर : बिघडलेला नाही. मोबाईलचे फोटो जेपीईजी असतात, आणि जेपीईजी म्हणजे कॅमेऱ्यानंच दाबून ठेवलेलं चित्र. तुमच्या भागात सांगायला सोपं आहे. चरकातून निघालेलं चिपाड परत चरकात घातलं तर रस किती पडणार? स्कॅन केलेल्या पीडीएफांची गतही तीच, कारण त्यांच्या आत बहुतेक वेळा जेपीईजीच असतात. न दाबलेली टिफ मात्र चांगली आवळते.

मजकुराची गोष्ट मजेशीर आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा सुद्धा, तीन बाइट खातं. इंग्रजीला एक पुरतो. पण त्या तीनांतला पहिला बाइट देवनागरीत कायम एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक, खरा फरक तिसऱ्यात. झिपचं सगळं काम पुन्हा पुन्हा येणारं ओळखून एकदाच लिहिण्यावर चालतं, त्याला यापेक्षा सोयीचं काय हवं? कन्नडलाही हेच लागू, पहिला बाइट तर आपलाच, दुसरा तेवढा वेगळा. त्यामुळं मराठी भाषणाची फाईल इंग्रजीपेक्षा जाड दिसली तरी झिपमध्ये ती जास्त आवळली जाते.

फोटोंसाठी झिपचा उपयोग एका पुडक्यात बांधण्यापुरता. वेळ वाचवायचा तर उणे शून्य द्या, म्हणजे तो दाबायच्या भानगडीत न पडता नुसता बांधतो. मेलवर जायला लहानच हवं असेल तर फोटोंची लांबी-रुंदी कमी करा. छापायचे असतील तर तेही करू नका.

प्रश्न : वकिलांच्या ऑफिसात कारकून आहे. पक्षकारांच्या जमिनीचे जुने कागद मराठीत, नवे उतारे कन्नडमध्ये, फाईलींची नावंही तशीच मिश्र. विंडोजवर डीआयआरनं नावांची यादी काढली तर मराठी-कन्नडच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. सेव्हन झिपला ती यादी दिली तर इंग्रजी नावांच्या तेवढ्या फाईली जातात. एकेक करून निवडायला दिवस पुरत नाही. – एक वाचक, निपाणी

उत्तर : सीमाभागातल्या ऑफिसाचं हे खास दुखणं. काळ्या पडद्याची लिपी विंडोज जुन्या कोड पेजवर, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर याच्या तक्त्यावर, ठेवतं, त्यात ना मराठी बसते ना कन्नड. यादी काढायच्या आधी त्याच खिडकीत सी-एच-सी-पी, जागा, ६५००१ असं लिहून एंटर मारा. हे यूटीएफ-८ चं कोड पेज. मग डीआयआर, तिरकी रेघ बी, तिरकी रेघ एस, तिरकी रेघ ए, उणे, डी, ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि यादीचं नाव. बी म्हणजे नुसती नावं, एस म्हणजे आतल्या फोल्डरांसकट, शेवटचं म्हणजे फोल्डरांची नावं वगळ. पडद्यावर कदाचित अजूनही चौकोन दिसतील. ते त्या खिडकीच्या फॉन्टचं लंगडेपण. यादी नोटपॅडमध्ये उघडून बघा, तिथं नीट दिसली की झालं.

ती यादी सेव्हन झिपला थेट चालते, कारण यादी यूटीएफ-८ मध्येच आहे असं तो गृहीत धरतो. विंडोजच्या ओळींची शेपटंही त्याला खपतात. आज्ञा अशी: ७झेड, जागा, ए, जागा, गठ्ठ्याचं नाव, जागा, ॲट द रेट आणि त्याला चिकटून यादीचं नाव. ‘७झेड ओळखत नाही’ म्हणाला तर प्रोग्रॅम फाइल्समधल्या सेव्हन झिपच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता अवतरणात लिहून आज्ञा द्या. निळ्या पडद्याच्या पॉवरशेलमध्ये असाल तर ॲट द रेटसकट यादीचं नाव एकेरी अवतरणात घाला. तिथं त्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे, अवतरण नसेल तर आज्ञा यादीपर्यंत पोचतच नाही.

तुमच्याकडं आणखी एक येणार, आधीच सांगते. प्रत्येक पक्षकाराच्या फोल्डरमध्ये एक ‘उतारा.पीडीएफ’ असणार. यादीत पूर्ण पत्ते असले की सेव्हन झिप गठ्ठ्यात फक्त शेवटचं नाव ठेवतो, मग दहा उतारे एकाच नावाचे होतात आणि तो ‘नाव दोनदा आलंय’ म्हणून अडून बसतो. त्याला उणे एसपीएफ आणि २ हा आकडा, सगळं सलग, असं जादा द्या. म्हणजे ड्राइव्हचं अक्षर सोडून बाकीचा फोल्डरांचा पत्ता तसाच राहतो आणि कुठला उतारा कुणाचा ते कळतं.

कागद लोकांच्या जमिनीचे आहेत, तेव्हा पासवर्ड घाला. झिप केलंत तर सेव्हन झिप नेहमीचं जुनं, कमजोर कुलूप लावतो. ७झेड प्रकारचा गठ्ठा केलात तर एईएस-२५६ लागतं. उणे एमएचई, मग ‘बरोबर’चं चिन्ह, मग ऑन असंही सलग लिहा, नाहीतर पासवर्ड नसलेल्यालाही आतल्या फाईलींची नावं वाचता येतात, आणि तुमच्या ऑफिसात नावातच पक्षकार आणि सर्व्हे नंबर असतो. उणे पीच्या पुढं पासवर्ड आज्ञेतच लिहू नका. खिडकी उघडी असेल तर वरचा बाण दाबून कुणीही तो वाचेल. नुसता उणे पी लिहून एंटर मारा, सेव्हन झिप स्वतः विचारतो आणि टाइप केलेलं दाखवत नाही.